आमच्या गल्लीचा इतिहास लिहिताना गेलेले एकोणीस महिने

नाशिकच्या सिडकोत आमच्या गल्लीत ४६ घरे आहेत. या ४६ घरांचा इतिहास लिहिण्याचे काम १५ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाले आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी ६४ पानांची पुस्तिका हातात आली. मधल्या काळात कोणत्या कार्यालयात काय मागावे, किती थांबावे, शेजाऱ्यांना काय विचारावे आणि काय विचारू नये, हे सांगणारे कोणी भेटले नाही. आपल्या कॉलनीबद्दल, वाड्याबद्दल किंवा चाळीबद्दल असे काही करू पाहणाऱ्यांना थोडा आधार मिळावा, म्हणून घडले तसे लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. नाशिकबाहेरच्या माणसाला सिडको म्हटले की नवी मुंबई आठवते आणि ते स्वाभाविक आहे, कारण १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या या महामंडळाचे मुख्य काम तेच होते. नाशिककर मात्र हा शब्द महामंडळासाठी क्वचितच वापरतात. आमच्यासाठी सिडको हे एका मोठ्या वस्तीचे नाव आहे. मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे आणि अंबड या गावांच्या शिवारात महामंडळाने एकामागून एक सहा योजना आखल्या, त्यांना आम्ही अजूनही ‘स्कीम’ म्हणतो, आणि या साऱ्या वस्तीला कागदोपत्री ‘नवीन नाशिक’ असे नाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, त्यानंतर सातपूरला आणि पुढे अंबडला कारखाने आले, ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला, आणि या नोकऱ्यांसाठी आलेल्या माणसांना जुन्या नाशकातले वाडे पुरेनासे झाले. माझे सासरे त्यांपैकीच एक. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी ते धुळे जिल्ह्यातून आले, सातपूरच्या एका कारखान्यात लागले, अकरा वर्षे तिवंध्याजवळच्या एका वाड्यात एका खोलीत राहिले आणि १९८४ मध्ये त्यांनी इथल्या घराचा ताबा घेतला. मी १९८८ मध्ये लग्न होऊन या घरात आले. म्हणजे गल्लीची पहिली चार वर्षे मी पाहिलेली नाहीत. सुरुवातीला ही मला उणीव वाटली, पण पुढे तिचा उपयोगच झाला, कारण विचारल्याशिवाय मला काही लिहिताच येत नव्हते.

सुरुवात संक्रांतीच्या दिवशी झाली. आमच्या गणेश मंडळाचे २०२४ हे चाळिसावे वर्ष होते आणि त्यानिमित्त स्मरणिका काढावी असे मंडळातील मुलांच्या मनात होते. तिळगूळ द्यायला आलेल्या तिघांनी विषय काढला. ‘‘काकू, तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला कागदांची सवय आहे,’’ एवढ्या एका कारणावर काम माझ्याकडे आले. जाहिराती आणि शुभेच्छांनी भरलेली स्मरणिका मला नको होती, म्हणून मी एक अट घातली की पुस्तिकेत एकाही पुढाऱ्याचे छायाचित्र असणार नाही. ही अट मान्य होईल असे मला वाटले नव्हते. ती मान्य झाली आणि मग माघार घेण्याची सोय उरली नाही.

पहिली चूक मी त्याच आठवड्यात केली. दोन रात्री बसून चार पाने लिहिली आणि पहिलेच वाक्य होते, ‘चाळीस वर्षांपूर्वी येथे ओसाड माळरान होते.’ सासूबाई तसे सांगत होत्या, शेजारचे आप्पा तसे सांगत होते, गल्लीतील प्रत्येक घरात हीच गोष्ट सांगितली जात होती: इथे काही नव्हते, नुसते माळरान, रात्री कोल्हे ओरडत, आणि आम्ही येऊन वस्ती केली. हे वाक्य बारा महिन्यांनी मला खोडावे लागले. ते का, ते पुढे येईलच.

चार पाने झाल्यावर लेखणी अडली, कारण एकही तारीख निश्चित नव्हती. नळ कधी आला याची तीन उत्तरे मिळाली, १९८५, १९८६ आणि १९८९. तेव्हा लिहिणे थांबवले आणि घरोघरी कागद पाहण्यास सुरुवात केली. फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत ४६ पैकी ३१ घरांनी कागद दाखवले. वाटपपत्र, ताबा पावती आणि ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा करार बहुतेकांनी जपून ठेवला होता, पण खरी माहिती वेगळ्याच कागदांत सापडली. विद्युत मंडळाचे सर्वांत जुने देयक, शिधापत्रिकेवरील शिक्का आणि मुलांचे जन्मदाखले यांवरून कोण कधी राहायला आले ते कळले, आणि लग्नपत्रिकांनी तर कमाल केली. १९८६ च्या एका पत्रिकेत पत्ता म्हणून केवळ घराचा क्रमांक आणि ‘त्रिमूर्ती चौकाकडून आत’ एवढेच होते, १९९१ च्या पत्रिकेत मात्र गल्लीचे आजचे नाव छापलेले होते. गल्लीला नाव कधी पडले हे कोणालाही आठवत नव्हते, ते या दोन पत्रिकांमुळे निदान पाच वर्षांच्या पट्ट्यात तरी बसले.

येथे एक सूचना करते. कोणाचाही मूळ कागद घरी आणू नका. मी पहिल्या आठवड्यात दोन घरांचे कागद झेरॉक्ससाठी नेले, त्यांतील एक करारपत्र परत देईपर्यंत मला झोप लागली नाही आणि त्या घरातील ताईंनाही लागली नसावी, कारण त्या दिवसातून दोनदा सहज म्हणून डोकावून गेल्या. त्यानंतर मी त्यांच्याच ओट्यावर बसून मोबाईलने छायाचित्र काढू लागले आणि वहीत त्यांच्यासमोर नोंद करू लागले. वाटपाची किंमत आणि हप्त्यांची थकबाकी दाखवणारी पाने मी मुद्दाम घेतली नाहीत, आणि ते आधीच सांगितल्यामुळे पुढची दारे सहज उघडली.

कागद पाहताना हेही लक्षात आले की घरांचे कागद घरांपुरतेच बोलतात. गल्ली कशी आखली, मोकळी जागा का सोडली, रस्ता आधी झाला की गटार, हे सारे कार्यालयांतच मिळणार होते. म्हणून ६ फेब्रुवारी २०२३ रोजी मी माहितीच्या अधिकाराखाली पहिला अर्ज केला. ज्या कार्यालयाकडे केला त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्याचा या अनुभवाशी फारसा संबंध नाही. चूक माझीही होती. एकाच अर्जात मी आराखडा, पाणी, रस्ते, दिवे आणि हस्तांतरण असे सगळे दीड पानात विचारले होते. महाराष्ट्रातील २०१२ च्या सुधारित नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा असावा लागतो आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसावा लागतो, हे मला अर्ज परत आल्यावर, म्हणजे ३ मार्चला कळले. दहा रुपये आणि पंचवीस दिवस गेले.

८ मार्चला दुसरा अर्ज केला. तो नमुना ‘जोडपत्र अ’ मध्ये होता, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला होता आणि त्यात एकच विषय होता, आमच्या योजनेचा मंजूर रेखांकन नकाशा आणि त्यासोबतची नस्ती, म्हणजे फाइल. अर्ज मंडळाच्या नावाने न करता स्वतःच्या नावाने करावा, कारण हा अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही. पाण्याबद्दलचा वेगळा अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे केला. येथे जरा इतिहासही आडवा येतो. नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका व आसपासची गावे तीत एकत्र झाली. सिडकोने उभारलेल्या योजना मात्र नंतर टप्प्याटप्प्याने महापालिकेकडे गेल्या. त्यामुळे एकाच गल्लीचा नकाशा एकाकडे, जलवाहिनीची नोंद दुसऱ्याकडे आणि जमिनीची नोंद तिसऱ्याकडे, अशी विभागणी झालेली असते. चुकीच्या ठिकाणी अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा लागतो, तेव्हा ‘हे आमच्याकडे नाही’ असे तोंडी ऐकून परत फिरू नये, अर्ज देऊन पोच घ्यावी.

११ एप्रिलला उत्तर आले, ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ त्या दिवशी मी सगळे सोडून द्यायचे ठरवले होते. अपील करावे असे माझ्या सुनेने सुचवले आणि तिनेच ‘जोडपत्र ब’ छापून आणले. २ मे रोजी वीस रुपयांच्या स्टॅम्पसह प्रथम अपील दाखल झाले आणि १३ जूनला सुनावणी लागली. सुनावणी या शब्दाने पोटात गोळा आला होता, प्रत्यक्षात ती एका टेबलासमोर बारा मिनिटांत संपली. मी कोणावर तक्रार करण्यास आले नाही, मला फक्त शोधू द्या, असे मी म्हटले. अपिलीय अधिकाऱ्यांनी नस्ती पाहण्याची परवानगी दिली.

४ जुलैला अभिलेख कक्षात गेले. तेथील एका वयस्कर लिपिकांनी मला जे समजावले ते आधी माहीत असते तर माझा निम्मा त्रास वाचला असता. सरकारी कागद अ, ब, क-१, क आणि ड अशा वर्गांत लावलेले असतात. अ वर्गातले कायम ठेवायचे, ब वर्गातले तीस वर्षे, क-१ दहा, क पाच आणि ड एक वर्ष. ‘‘तुम्ही १९८५ च्या तक्रारींचे अर्ज मागाल तर ते कधीच नष्ट झाले असणार. नकाशे आणि निवाडे मागा, ते राहतात,’’ असे ते म्हणाले. म्हणजे आमच्या सासऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी पाण्यासाठी, दिव्यासाठी केलेले अर्ज, ज्यांत गल्लीचा आवाज होता, ते जाणार आणि रेषा राहणार. नियम म्हणून ते योग्य असेलही, पण मला त्या दिवशी वाईट वाटले. पहिला तास पाहणीला पैसे पडत नाहीत. मी आधी सगळे चाळले आणि मग निवडक ३४ पानांच्या प्रती दोन रुपये दराने ६८ रुपयांत घेतल्या. नकाशाची प्रत वेगळी, तिचे २०० रुपये पडले. माहिती अधिकाराचा सगळा खर्च टपालासह पाचशे रुपयांच्या आत राहिला. गेला तो वेळ.

नकाशावर आमची गल्ली ठळक शाईत होती आणि तिच्याखाली, पुसट, वाकड्यातिकड्या रेषांत, काही सर्व्हे नंबर होते. तोवर माझ्या डोक्यात नव्हते की या गल्लीला आमच्या आधीचा क्रमांक असेल.

ते नंबर घेऊन पुढे जाण्याआधी पावसाळा मध्ये आला आणि मी माणसांकडे वळले. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे नागपंचमी २१ ऑगस्टला आली आणि तिच्या पुढच्या रविवारी, २७ तारखेला, खान्देशची देवी कानबाई बसली. आमच्या गल्लीत निम्म्याहून अधिक घरे खान्देशातली, तेव्हा हा उत्सव येथे गणपतीइतकाच मोठा. तिच्या नैवेद्याच्या रोटांच्या तयारीसाठी बायका एकत्र बसतात आणि त्या वेळी जे बोलणे होते ते समोर फोन ठेवून घेतलेल्या मुलाखतीत होत नाही. मी रेकॉर्डिंगची परवानगी घेतली, फोन डब्यामागे ठेवला नाही, सर्वांना दिसेल असा ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, पाणी कुठून आणायचात?

पुरुषांना मी आधी विचारले होते तेव्हा त्यांनी साल सांगितले होते. बायकांनी साल सांगितले नाही, प्रसंग सांगितला. सासूबाई म्हणाल्या, धाकट्या नणंदेच्या डोहाळजेवणाला टँकर आला नाही म्हणून स्वयंपाक दोन तास थांबला होता. समोरच्या मावशी म्हणाल्या, ‘‘आमच्या राणीच्या पहिल्या वाढदिवसाला नळ आला, तिला तोटीखाली धरलं होतं सगळ्यांनी.’’ राणी हे घरातले लाडाचे नाव. तिच्या जन्मदाखल्यावर मार्च १९८६ होता. त्यावरून नळ मार्च १९८७ च्या सुमारास आला हे ठरले. तिन्ही पुरुषांची साले चुकली होती. गंगापूर धरण १९६५ मध्येच पूर्ण झालेले होते, त्याच गोदावरीचे पाणी आमच्या गल्लीतल्या तोटीपर्यंत यायला आणखी बावीस वर्षे लागली, हे वाक्य मी त्या संध्याकाळी लिहिले आणि ते शेवटपर्यंत बदलावे लागले नाही.

मुलाखतींबद्दल दोन गोष्टी लिहिते. नवरा-बायकोला एकत्र बसवले की एक बोलतो आणि दुसरी मान डोलावते, म्हणून वेगळे भेटावे, आणि बायकांना दुपारी दोन ते चार या वेळेतच. दुसरे असे की भांडणांचा विषय आपण काढू नये, तो आपोआप निघतो. मंडळ कोणी स्थापन केले यावर आमच्याकडे दोन तट आहेत. दोघांचे म्हणणे मी दोन परिच्छेदांत शेजारी शेजारी छापले आणि निकाल दिला नाही. पावती पुस्तकाचे पहिले पान दोघांकडेही नव्हते.

सप्टेंबरपासून सर्व्हे नंबरांचा माग काढला. जुने सातबारा आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर ठेवलेले आहेत आणि नाशिक जिल्हा त्यात आहे. तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि सर्व्हे नंबर टाकून शोधावे लागते. मला दोन नंबरांचे कागद तेथे मिळाले, तिसऱ्याचे मिळाले नाहीत, म्हणून अभिलेख कक्षात अर्ज करून थांबले. दिवाळी मध्ये आली. प्रत नोव्हेंबरच्या शेवटी मिळाली. कुठेही उद्धटपणा झाला नाही, नुसते थांबणे होते, आणि प्रत्येक फेरीत ‘पुढच्या मंगळवारी या’ ऐकून मंगळवार या वाराचाच मला कंटाळा आला. अशा फेऱ्यांना जाताना मागच्या अर्जाची पोच, ओळखपत्राची प्रत आणि वाचायला काहीतरी सोबत ठेवावे. मी एक दिवस सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आमच्या १८४० पासूनच्या सावानात, जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटिअर पाहून आले होते आणि त्यातील टिपणे रांगेत बसून वाचत असे. त्या ग्रंथात नाशिक शहरावर पानेच्या पाने आहेत, घाट, मंदिरे, पेठा, बाजार सगळे आहे, पण नदीकाठच्या शहराचे वर्णन वाचून आमच्या बाजूच्या शिवाराचा काही बोध होत नाही. तो झाला सातबारावरून.

सातबारा हा खरे तर दोन नमुन्यांचा मिळून एक कागद. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, आणि नमुना बारा म्हणजे त्या वर्षी तिच्यात काय पेरले. बँकेत मी शेकडो सातबारे पाहिले होते, पण नेहमी वरचा भाग, कर्जाचा बोजा आहे की नाही तेवढाच. बारा नंबर मी पहिल्यांदा नीट वाचला तो या वेळी. सत्तरच्या दशकातील चार-पाच वर्षांच्या नोंदी होत्या. बाजरी. भुईमूग. बाजरी. एका तुकड्यात गहू. पाण्याच्या साधनाच्या रकान्यात: विहीर, एक. पुढे एका फेरफाराने कब्जेदारांची नावे कंस होऊन, म्हणजे रद्द होऊन, गेली होती आणि भूसंपादनाची नोंद आली होती.

ज्या जागेला गल्लीतील प्रत्येकजण माळरान म्हणतो, जेथे मी छत्तीस वर्षे कपडे वाळत घातले, तेथे गहू होत होता.

मी ती प्रत आप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘‘आम्ही आलो तेव्हा मात्र माळरानच होतं, वहिनी.’’ त्यांचेही खोटे नव्हते. जमीन संपादित झाल्यापासून घरे उभी राहीपर्यंत काही वर्षे जातात, त्या काळात कोणी पेरत नाही, गवत आणि बाभळी वाढतात, आणि ताबा घ्यायला आलेल्या माणसाला तेवढेच दिसते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ९ च्या नोटिसा आणि कलम ११ चा निवाडा असा क्रम असे. हा सगळा क्रम आमच्या गल्लीच्या आधी, त्याच जमिनीवर, दुसऱ्या कोणाच्या तरी घरात घडून गेला होता आणि आमच्या आठवणींची सुरुवात तो संपल्यावर होत होती.

डिसेंबरात गावठाणात गेले. कोणत्या गावाचे ते लिहीत नाही, कारण कुटुंबे ओळखू येतील. आमच्या गल्लीपासून ते चालत दहा मिनिटांवर आहे आणि इतक्या वर्षांत मी तेथे फक्त यात्रेच्या वेळी गेले होते. सातबारावरील आडनाव विचारत एका घरापर्यंत पोहोचले. तेथील आबा ऐंशीच्या पुढचे. पहिल्या भेटीत त्यांनी चहा दिला आणि विषय टाळला. दुसऱ्या भेटीत मुलाने विचारले, कशासाठी हवे आहे, मोबदल्याचे काही आहे का? मी नाही म्हटले आणि पुस्तिकेचा कच्चा मजकूर वाचून दाखवला. पहिले वाक्य अजून तेच होते. आबा मध्येच म्हणाले, ‘‘माळरान कुठलं, बाई? बाजरीचं वावर होतं ते आमचं. खळं पण तिथंच होतं.’’

तिसऱ्या भेटीपासून ते बोलू लागले. विहीर त्यांच्या वडिलांनी बांधली होती, मोट कोणत्या बाजूला होती, नोटीस आली त्या दिवशी घरात काय झाले, मोबदल्याच्या पैशांचे पुढे काय झाले, हे सगळे त्यांनी सांगितले. शेवटच्या दोन गोष्टी छापू नका असेही सांगितले, आणि मी त्या छापल्या नाहीत. त्यांचा एक मुलगा पुढे अंबडच्या एका कारखान्यात लागला आणि माझ्या सासऱ्यांसारखाच पाळ्या करत निवृत्त झाला. घरी येऊन मी पहिले प्रकरण काढून टाकले आणि आबांच्या वावरापासून पुन्हा सुरुवात केली. जानेवारी ते मे २०२४ लिहिण्यात गेले. त्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. सकाळी पाच ते सात लिहिले आणि डोळ्याचा नंबर वाढला.

१६ जून २०२४ रोजी, रविवारी, मोकळ्या जागेत सतरंज्या टाकून मजकुराचे जाहीर वाचन केले. हे प्रत्येकाने करावे असा माझा आग्रह आहे, छपाईनंतर होणारी भांडणे छपाईआधी झालेली बरी. तीन तास चालले. आक्षेप मला वाटले होते तेथे आलेच नाहीत. मंडळाच्या वादावर कोणी बोलले नाही, पण ‘१९९५ नंतर बहुतेक घरांवर मजले चढले’ या वाक्यावर एकदम कुजबुज झाली. छोटी घरे, वाढलेली कुटुंबे, मागची मोकळी जागा झाकून घेतलेली, वर एक खोली काढलेली, हा तर सिडकोतील प्रत्येक गल्लीचा इतिहास आहे. पण तो घर क्रमांकासह छापला तर उद्या कोणी तक्रारीला जोडेल, ही भीतीही खोटी नव्हती. शेवटी मजल्यांचे प्रकरण ठेवले, घर क्रमांक काढले आणि त्या पानांवरची सर्व छायाचित्रे गाळली. पुस्तिकेचे यात नुकसान झाले असे मला अजूनही वाटते. शेजाऱ्यांचे होऊ नये म्हणून ते सोसले.

दुसरा आक्षेप एका तरुणाने घेतला, आबांचे प्रकरण पहिले का? पुस्तिका आपल्या गल्लीची आहे ना? मी उत्तर द्यायच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, ‘‘आपण त्यांच्या वावरात राहतो, मग नाव कोणाचं आधी येणार?’’ त्यानंतर चहा आला.

खर्चाचा हिशेब असा. अक्षरजुळणी ६० रुपये पान दराने ६४ पानांचे ३,८४० रुपये, आणि २५० प्रतींची छपाई ७८ रुपये प्रतीप्रमाणे १९,५०० रुपये, म्हणजे एकूण २३,३४०. घरटी ५०० रुपये वर्गणी ठरली, ती ४१ घरांकडून आली, २०,५०० रुपये जमले. दोन घरे बंद होती, तीन भाडेकरूंकडे आम्ही मागितली नाही. उरलेले २,८४० रुपये मंडळाने दिले. मुद्रिते तपासताना सालांसाठी एक वेगळी फेरी करावी. मी शब्द तपासत राहिले आणि एका पानावर १९८७ चे १९७८ झालेले मला दिसलेच नाही. ते सुनेने पकडले.

१५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर प्रती वाटल्या. आबांची प्रत मी गावठाणात नेऊन दिली. त्यांनी मजकूर बाजूला ठेवला आणि मधल्या पानावरचा नकाशा बराच वेळ पाहिला, मग नातवाला गाडी काढायला सांगितली. गल्लीत आल्यावर ते मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात उभे राहिले, जेथे नकाशात मी विहीर दाखवली होती, आणि नकारार्थी मान हलवली. तेथून ते उत्तरेकडे निघाले, काठी टेकत, तोंडाने मोजत, आणि तेवीस पावलांवर दिव्याच्या खांबाशी थांबले. तेथे कोणाची तरी मोटारसायकल उभी होती. ती मंडळातल्या मुलांनी बाजूला घेतली.

वाटायच्या राहिलेल्या प्रतींत मी आता लाल शाईने हाताने दुरुस्ती करते आहे. आजवर ११२ झाल्या.